पाट्यांचे जाम झालेले बोल्ट आणि ते कापण्यासाठी पात्यांची निवड

ऊसतोडणीचा हंगाम भरात असावा, ट्रॉली उसाने भरून शिवारात उभी असावी आणि नेमका त्याच वेळी मागच्या चाकावरील पाटा तुटावा, हा प्रसंग अनेक शेतकऱ्यांच्या अनुभवास आलेला असतो. नवा पाटा तालुक्याच्या गावी मिळतो. तो बसविण्याचे कामही फारसे कठीण नसते. परंतु जुना पाटा काढू गेले असता त्याचे बोल्ट जागचे हलत नाहीत. पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात, हातोड्याच्या घावांनी बोल्टचे टोक चेपते आणि दिवस मावळतो. अखेरीस गॅसच्या ज्योतीने बोल्ट जाळला जातो. बोल्ट निघतो खरा, पण त्या ज्योतीची आच लागलेले शेजारचे पाटे पुढे भाराखाली वाकतात किंवा तुटतात आणि एका दिवसाची सोय पुढच्या खर्चाला कारण होते.

अशा वेळी मागेपुढे चालणारी विजेची करवत फार उपयोगी पडते. दुकानात हे यंत्र ‘रेसिप्रोकेटिंग सॉ’ या नावाने मिळते. अमेरिकेतील मिल्वॉकी कंपनीने १९५१ साली ‘सॉझॉल’ नावाने अशी करवत बाजारात आणली आणि तेव्हापासून या जातीच्या यंत्रांचा प्रसार झाला. आता बॅटरीवर चालणारी यंत्रेही मिळतात, त्यामुळे वीज नसलेल्या शिवारातही काम होऊ शकते. मात्र यंत्र कितीही चांगले असले तरी लोखंड कापते ते पाते. चुकीचे पाते लावल्यास काही सेकंदांत त्याची धार जाते आणि बोल्टवर नुसती चकचकीत रेघ उमटते. यासाठी पात्याची निवड कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बोल्ट का अडतात

लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. बोल्टचा दांडा आणि त्याभोवतीची पोलादी नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. तीत पाणी शिरून गंज चढला म्हणजे तो फट भरून काढतो व दोन्ही भाग एकमेकांत घट्ट रुततात. चिखलातून चालणाऱ्या ट्रॉल्या, खतांची वाहतूक करणारी वाहने आणि कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील गाड्या यांत हा दोष लवकर उद्भवतो, कारण समुद्राकडील हवेतील क्षार आणि म्युरेट ऑफ पोटॅशसारख्या खतांतील क्लोराइड यांमुळे गंजण्याची क्रिया वाढते.

जीप, छोटी मालवाहू गाडी आणि मोटार यांत आणखी एक अडचण असते. पाट्याच्या डोळ्यात किंवा चाकाच्या लोअर आर्ममध्ये रबरी बुश असते व त्या बुशाच्या आत पोलादी नळी असते. बोल्ट या नळीत गंजून बसतो. पाना लावला की बोल्ट आणि नळी एकत्र फिरतात आणि रबर पीळ खाऊन पुन्हा मागे येते. नट निघून गेला तरी बोल्ट बाहेर येत नाही. असा बोल्ट ठोकून काढण्याच्या नादात कंस वाकण्याचा संभव असतो.

प्रथम सोडविण्याचा प्रयत्न

कापणे हा शेवटचा उपाय होय. आधी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करावेत. गंज सोडविणारे तेल लावून शक्य तर रात्रभर मुरू द्यावे. नट सोडविण्यापूर्वी तो किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. त्यामुळे गंजाची पकड तुटण्यास मदत होते. पाना नटाच्या मापाचा व सहा कोपऱ्यांचा असावा. एवढे करूनही बोल्ट हलला नाही, किंवा नटाचे कोपरे गेले, तर वेळ न दवडता कापण्याचा निर्णय घ्यावा.

ज्योतीपेक्षा करवत का बरी

पाट्याच्या पोलादाला कारखान्यात विशिष्ट रीतीने पाणी दिलेले असते. ते तापवून तेलात विझवितात आणि पुन्हा बेताचे तापवून त्याला लवचीकपणा आणतात. गॅसची ज्योत लागल्यास हे पाणी उतरते. गावच्या लोहाराने पाणी दिलेल्या विळ्याला पुन्हा विस्तवात टाकल्यास जे होते, तेच पाट्याचे होते. शिवाय ज्योतीने रबरी बुश पेटते. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि जवळचा कडबा किंवा उसाचे पाचट यांनाही धोका पोचतो. ग्राइंडरच्या चकतीने बोल्ट कापता येतो, परंतु ठिणग्या दूरवर उडतात व चकती अरुंद जागेत शिरत नाही. करवतीच्या पात्याची जाडी सामान्यतः १ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे बुश आणि कंस यांच्यामधील चिंचोळ्या फटीतही ते घालता येते. उष्णताही बेताचीच निर्माण होते.

बोल्टची जात ओळखणे

सर्व बोल्ट दिसण्यात सारखे असले तरी त्यांच्या पोलादात मोठा फरक असतो. पाते निवडण्यापूर्वी बोल्टचे डोके घासून स्वच्छ करावे व त्यावरील आकडे वाचावेत. ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे तेथे उठविलेले असतात. पहिल्या आकड्याला १०० ने गुणले असता दर चौरस मिलिमीटरला बोल्ट किती न्यूटन ताण सोसून तुटतो ते कळते. टिंबानंतरचा आकडा, त्या ताणाच्या किती दशांश ताणावर बोल्ट कायमचा लांबू लागतो, ते दर्शवितो. म्हणजे ८.८ जातीचा बोल्ट ८०० न्यूटनला तुटतो व ६४० न्यूटनला लांबू लागतो. इंची मापाच्या बोल्टवर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ५ क्रमांकाची प्रत व सहा रेघा म्हणजे अधिक मजबूत अशी ८ क्रमांकाची प्रत होय. डोक्यावर काहीच खूण नसेल तर बोल्ट बहुधा साध्या मऊ पोलादाचा असतो.

रॉकवेल ‘सी’ या मापाने ८.८ जातीच्या बोल्टचा कठीणपणा साधारणतः २२ ते ३४, १०.९ चा ३२ ते ३९ आणि १२.९ चा ३९ ते ४४ असतो. पाट्याच्या शॅकलमधील काही पिनांना मात्र केवळ वरच्या थरात कडक पाणी दिलेले असते व तो थर ५५ च्याही पुढे जातो. गंजामुळे आकडे पुसले गेले असल्यास कानशीची परीक्षा करावी. कानस धातूत सहज रुतून कीस निघाला तर धातू मऊ आहे. कानस जोराने दाबल्यावरच रुतली तर बोल्ट मध्यम किंवा कठीण जातीचा आहे. कानस काचेवरून सरकावी तशी घसरली तर वरचा थर फार कठीण आहे असे समजावे.

पाते कोणत्या धातूचे असावे

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची पाती मिळतात.

पहिला प्रकार साध्या कार्बन पोलादाच्या पात्यांचा. ही स्वस्त असतात व लाकूड आणि प्लॅस्टिक यांसाठी योग्य असतात. बोल्टसाठी ती घेऊ नयेत. थोडी उष्णता वाढली की यांच्या दात्यांचे पाणी उतरते.

दुसरा प्रकार बाय-मेटल पात्यांचा. यांची पाठ लवचीक पोलादाची असून दात्यांच्या बाजूस हायस्पीड पोलादाची पट्टी जोडलेली असते. चांगल्या पात्यांच्या या पट्टीत सुमारे ८ टक्के कोबाल्ट असते. दाते कठीण राहतात व पाठ वाकली तरी मोडत नाही. हायस्पीड पोलाद ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासही आपला कठीणपणा टिकवून धरते, म्हणून ते लोखंड कापण्यास उपयोगी आहे. साधे बोल्ट आणि ८.८ जातीचे बोल्ट यांसाठी बाय-मेटल पाते पुरेसे होते.

तिसरा प्रकार कार्बाइड दात्यांच्या पात्यांचा. यांचे दाते टंगस्टन कार्बाइडचे असतात. ही पाती बाय-मेटलच्या कित्येक पट महाग असतात. परंतु १०.९ व १२.९ जातीचे बोल्ट, कडक पिना आणि पोलादी नळीसह कापावे लागणारे बोल्ट यांवर एक कार्बाइड पाते अनेक बाय-मेटल पात्यांचे काम करते. कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते. पाते उसळू दिल्यास दाते तुटून पडतात.

एका इंचात दाते किती असावेत

पात्यावर एका इंचातील दात्यांची संख्या छापलेली असते. दुकानदार तिला ‘टीपीआय’ म्हणतात. या बाबतीत जुना व भरवशाचा नियम असा आहे की, कापावयाच्या धातूवर एका वेळी निदान तीन दाते टेकलेले असावेत. त्याहून कमी दाते टेकले तर दाता धातूच्या कडेला अडकून मोडतो. याउलट दाते फारच बारीक असतील तर दोन दात्यांमधील खाचा किसाने भरतात, पाते घासत राहते व तापते.

उदाहरणादाखल १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्यावा. इंचाला १४ दाते असलेल्या पात्यात दोन दात्यांमधील अंतर सुमारे १.८ मिलिमीटर असते. म्हणजे बोल्टच्या मध्यावर सहा ते सात दाते टेकतात, हे प्रमाण चांगले आहे. २४ दात्यांचे पाते लावल्यास अकराहून अधिक दाते टेकतात. काम होते, पण फार हळू होते. ८ दात्यांच्या पात्याचे जेमतेम चार दाते टेकतात. मोठा दाता बाय-मेटलचा असल्यास तो कडेला मोडण्याचा संभव असतो. कार्बाइडच्या पात्यात मात्र दाते जाड व बळकट असल्याने ८ दाते चालतात. निवडीचे सार पुढीलप्रमाणे देता येईल :

१. पत्रा, पातळ नळी, ३ मिलिमीटरपेक्षा कमी जाडी : बाय-मेटल, इंचाला २४ दाते.

२. कंस, नळ्या, ३ ते ८ मिलिमीटर जाडी : बाय-मेटल, इंचाला १८ दाते.

३. साधे व ८.८ जातीचे, ८ ते १६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट, यू-बोल्ट : बाय-मेटल, इंचाला १४ दाते.

४. १०.९ व १२.९ जातीचे बोल्ट, कडक पिना, नळीसह बोल्ट : कार्बाइड, इंचाला ८ ते १० दाते.

लांबी व जाडी

पात्याची लांबी गरजेपुरतीच असावी. पाते जितके लांब, तितके ते डोलते व वाकडे कापते. मात्र फार आखूड पातेही उपयोगाचे नाही. यंत्र पात्याला सुमारे ३० मिलिमीटर मागेपुढे नेते. पाते मागे आले तरी त्याचे टोक बोल्टच्या पलीकडे राहिले पाहिजे. अन्यथा टोक बोल्टवर आदळून पाते वाकते. बहुतेक बोल्टसाठी ६ इंची पाते योग्य असते. बोल्ट कंसाच्या आत खोल असल्यास ९ इंची घ्यावे. पुढे गेलेले टोक चेसिसला धडकणार नाही, हेही हाताने अजमावून पाहावे.

जाडीच्या बाबतीत दोन जाती सर्वत्र आढळतात : सुमारे ०.९ मिलिमीटर आणि सुमारे १.३ मिलिमीटर. जाड पाते सरळ चालते व कमी थरथरते, म्हणून मोकळ्या जागेतील यू-बोल्टसाठी ते घ्यावे. बुश आणि कंस यांच्या फटीत मात्र पातळ पातेच शिरते.

कापण्याची रीत

बुशात जाम झालेला बोल्ट दोन ठिकाणी कापावा लागतो. एक छेद डोक्याच्या बाजूस व दुसरा नटाच्या बाजूस, बुशाचे टोक आणि कंसाची आतली बाजू यांच्यामध्ये घ्यावा. दोन्ही छेद झाले की आर्म किंवा पाट्याचा डोळा, बोल्टच्या मधल्या तुकड्यासह बाहेर येतो आणि कंसाला इजा होत नाही. बुश पुन्हा वापरण्याची आशा धरू नये. ते नवेच घालावे.

यंत्राच्या पुढील पट्टी कामावर घट्ट टेकवावी. ती अधांतरी राहिली तर पाते न कापता सारे यंत्रच थरथरते. यंत्र आधी सुरू करून मग पाते अलगद टेकवावे. गोल बोल्टवर आरंभी फारच थोडे दाते टेकतात, म्हणून खाच पडेपर्यंत हात हलका ठेवावा. खाच पडल्यावर दाब वाढवावा, म्हणजे दाते घासत न राहता कीस काढतील. वेग पूर्ण ठेवू नये. लोखंडासाठी पूर्ण वेगाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतचा वेग पुरेसा असतो. धातू जितका कठीण, तितका वेग कमी. काही यंत्रांत पाते किंचित वर्तुळाकार झुलविण्याची सोय असते. ती लाकडासाठी आहे. लोखंड कापताना बंद ठेवावी. छेदावर अधूनमधून तेलाचे थेंब सोडावेत.

पाते निळे पडू लागले तर ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले आहे, हे ओळखावे व थांबावे. कीस येण्याचे थांबून बारीक भुकटी किंवा धूर दिसू लागल्यास दाब वाढवून उपयोग होत नाही. अशा वेळी वेग कमी करावा व पाते तपासावे. दाते गेले असल्यास ते बदलावे. बहुतेक यंत्रांत पाते उलटे, म्हणजे दाते वरच्या बाजूस करून बसविता येते. गाडीखालून काम करताना ही सोय विशेष उपयोगी पडते.

यंत्र नसल्यास व बोल्ट एक-दोनच असल्यास हातकरवतीनेही काम साधते. तिला बाय-मेटल पाते लावावे, दाते पुढच्या दिशेस ठेवावेत, पुढे जाताना दाब द्यावा व मागे येताना हात सैल सोडावा. मिनिटाला ४० ते ५० हेलकावे पुरेत.

भार उतरल्याशिवाय छेद घेऊ नये

या कामातील मोठा धोका पात्यापासून नसून दाबलेल्या पाट्यापासून आहे. ट्रॉली प्रथम रिकामी करावी. सपाट व कठीण जमिनीवर उभी करून बाकीच्या चाकांना दगड लावावेत. चेसिस जॅकने उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी आणि आसाला स्वतंत्र आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये.

पाट्यांच्या जुडग्यामधला मधला बोल्ट सर्वांत फसवा असतो. सारे पाटे त्याने एकमेकांवर दाबून धरलेले असतात. तो कापताच पाटे झटक्याने उसळतात. म्हणून तो कापण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंस दोन मजबूत सी-क्लॅम्प आवळावेत व बोल्ट निघाल्यावर ते आळीपाळीने हळूहळू सैल करावेत. मोटारीतील गुंडाळी स्प्रिंगच्या बाबतीत ही खबरदारी आणखी वाढते. आर्मखाली जॅकचा आधार दिल्याशिवाय त्याचा बोल्ट कापू नये. स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन जवळ नसेल तर ते काम कार्यशाळेवर सोपवावे.

डोळ्यांवर बंद चष्मा अवश्य लावावा. गाडीखाली निजून कापताना तापलेला कीस सरळ चेहऱ्यावर पडतो. जाड हातमोजे घालावेत, सैल कपडे टाळावेत व कापलेला तुकडा लगेच हाताने उचलू नये. छेदाच्या वाटेत ब्रेकची नळी किंवा वीजतार नाही, याची खात्री करून घ्यावी. जवळ वाळूची किंवा पाण्याची बादली ठेवावी.

कापलेल्या बोल्टच्या जागी कोणता बोल्ट

एवढे काम नीट झाल्यावर शेवटची चूक पुष्कळदा दुकानात होते. जाडी व लांबी जुळली की कोणताही बोल्ट घेतला जातो. १२ मिलिमीटर जाडीचा ८.८ जातीचा बोल्ट सुमारे ६,८०० किलोग्रॅम ओढ सोसून तुटतो. त्याच जाडीचा साधा, ४.६ जातीचा बोल्ट सुमारे ३,४०० किलोग्रॅमलाच तुटतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात; बळ मात्र निम्मे असते. मधला बोल्ट तुटला म्हणजे पाट्यावरील आस मागे सरकतो, चाक तिरपे होते आणि उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यावरच कलंडू शकते. म्हणून कापलेल्या बोल्टचे डोके फेकून न देता दुकानात बरोबर न्यावे आणि त्याच आकड्याचा बोल्ट घ्यावा. नटही त्याच प्रतीचा असावा : ८.८ साठी ८ क्रमांकाचा व १०.९ साठी १० क्रमांकाचा.

काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नवीन बोल्टच्या दांड्यावर ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे पुढील खेपेस तो सहज निघेल. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पाट्यावर आल्यावर मगच पूर्ण आवळावेत. एरवी रबर कायम पीळ खाऊन लवकर फाटते. यू-बोल्टचे नट पहिल्या काही भरलेल्या खेपांनंतर पुन्हा तपासून आवळणे जरूर आहे.

गावाने काय करावे

असे यंत्र प्रत्येक शेतकऱ्याने विकत घेण्याचे कारण नाही. गावातील अवजारे बँकेने किंवा शेतकरी गटाने एक यंत्र घेऊन त्याच्याबरोबर १४ व १८ दात्यांची काही बाय-मेटल पाती, दोन कार्बाइड पाती, एक कानस, दोन सी-क्लॅम्प, चष्मा आणि मजबूत घोडे अशी पेटी तयार ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी, पावसाळा संपताच, ट्रॉल्यांच्या पाट्यांची तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा. जे बोल्ट त्या वेळी हलत नाहीत, ते तेव्हाच बदलावेत. मोकळ्या ट्रॉलीचा बोल्ट अंगणात सावकाश कापणे आणि भरलेल्या ट्रॉलीचा बोल्ट अंधारात, रस्त्याच्या कडेला कापणे, यांत केवळ सोयीचा नव्हे तर जिवाच्या सुरक्षिततेचा फरक आहे.

बोल्टची जात आधी ओळखावी, पाते नंतर निवडावे आणि भार उतरल्याशिवाय छेद घेऊ नये, ही तीन सूत्रे ध्यानात ठेवल्यास जाम झालेला बोल्ट पाट्याला किंवा माणसाला इजा न करता निघेल आणि हंगामातील मोलाचा दिवस वाचेल.